माझ्या पायांचा नवस

शाळा अनुदानावर आली त्या दिवशी मुख्याध्यापकांनी सगळ्यांना पेढे वाटले. माझ्या हातावर पेढा ठेवताना ते हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही जरा थांबा."

इंदापूर तालुक्यातल्या मुलींच्या एका शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवत होते. नव्वदीचं दशक अर्ध्यावर आलं होतं आणि मी बेचाळिशी ओलांडली होती. शाळा विनाअनुदानित होती तोवर कोण काय शिकून आलंय हे कुणी फारसं विचारत नव्हतं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. पण लहानपणी खो-खो खेळले होते, आवाज मोकळा होता, आणि उन्हात उभं राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून शिट्टी माझ्या गळ्यात पडली ती पडलीच. आता पगार सरकार देणार होतं आणि प्रत्येक जागेला त्या जागेची पदवी लागणार होती.

बाकीचे गेल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "मराठीची जागा भरलेली आहे. तुमच्यासाठी आहे ती पी.टी.चीच. तिला बी.पी.एड. पाहिजे. एक वर्ष मी कसंबसं थांबवतो. बिनपगारी रजा घ्या, कोर्स करून या. पुढच्या जूनला पास होऊन आलात तर जागा तुमची. नाहीतर मला जाहिरात द्यावी लागेल."

"सर, या वयात मला कोण घेईल?"

"नोकरीतल्यांना वयाची सवलत आहे. पळायला मात्र सवलत नाही हं." ते हसले. माणूस मनाने चांगला होता. मला नोकरी त्यांनीच दिली होती आणि त्यांचे उपकार मी आजही मानते. पेढा मी रुमालात बांधून घरी नेला. खाण्याची इच्छा राहिली नव्हती.

घरात आम्ही तिघी. मी, सातवीतली मुलगी आणि सासूबाई. मालक जाऊन सहा वर्षं झाली होती. आमचं गाव निरवांगी. सासूबाईंना मी आत्ती म्हणायचे. त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. पावसाळा सरला की माणसांमेंढरांसकट वाडा हलायचा आणि त्या डोक्यावर संसार घेऊन घाट उतरून कोकणात चालत जायच्या. पुढे मेंढरं विकली, थोडं रान घेतलं, तेव्हा कुठं त्यांचे पाय एका जागी थांबले. मी लग्न होऊन आले तेव्हा मॅट्रिक झालेली. बी.ए.ची परीक्षा बाहेरून दिली ती आत्तींच्या जोरावर. मी अभ्यासाला बसले की त्या माझी तान्ही मुलगी पाठीशी बांधून रानात जायच्या. सासर-माहेर धरून पदवी घेणारी मी पहिली. भावकीत कुणी काही बोललं तर आत्ती म्हणायच्या, "तिला शिकू द्या. भाकरी मी थापतीया न्हवं?"

म्हणून मुख्याध्यापकांचं बोलणं मी आधी त्यांनाच सांगितलं.

"किती दिसाचं हाय?"

"एक वरीस. बारामतीला ऱ्हावं लागंल."

"मग ऱ्हाऊ की. हितं तरी काय सोनं पुरलंया."

बारामतीच्या बाहेर माळावर एक शारीरिक शिक्षणाचं कॉलेज होतं. प्रवेशासाठी पळण्याची, उडी मारण्याची आणि गोळा फेकण्याची चाचणी असायची. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरापोरींच्या रांगेत मी उभी राहिले. आत्ती कुंपणाबाहेर एका लिंबाखाली बसल्या होत्या. मी प्रत्येक बाबतीत शेवटून पहिली आले, तरी मैदानातली कामाची वर्षं धरून मला घेतलं. बाहेर येऊन सांगितलं तेव्हा आत्तींनी तिथल्या तिथे पश्चिमेकडे तोंड करून हात जोडले.

"मोरगावच्या मोरयाला बोलली हुती मी. सून आत गेली की तिला तुझ्या दारापातूर अनवाणी चालवत आणीन."

मी हसले. मला वाटलं, बोलायची पद्धत आहे. नवस त्यांचा आणि पाय माझे, हे तेव्हा माझ्या नीट लक्षात आलं नाही.

आम्ही बारामतीत एक खोली घेतली. पहाटे उजाडताना मैदान, दुपारी तासिका, संध्याकाळी पुन्हा मैदान. मी आयुष्यात पहिल्यांदा साडी सोडून पांढरा पंजाबी ड्रेस आणि कॅनव्हासचे बूट घातले. आत्तींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "असं गावात जाऊ नगंस. कुत्री वळखायची न्हाईत." पण तो ड्रेस धुवून, निळीत बुडवून, वाळत घालायच्या त्याच.

ते वर्ष मला फार जड गेलं. पुस्तकाचं फारसं वाटत नव्हतं. स्नायूंची नावं, हाडांची नावं, खेळांचे नियम, पाठाचं टाचण, हे सगळं मी भाकरी खाताना, भांडी घासताना घोकत असे. अडचण शरीराची होती. सकाळी उठताना गुडघे धरायचे. दोरीच्या उड्या मारल्या की छातीत भाता चालू व्हायचा. वर्गातली एक मुलगी, लासुर्ण्याकडची, मला मावशी म्हणायची. उसाच्या मळ्यात वाढलेली, दणकट, हसरी. तिने मला गोळा कसा मानेला टेकवायचा ते शिकवलं. "मावशी, तू त्याला पोरासारखं धरतीस. टाकायचाय तो, झोपवायचा न्हाय." सगळा वर्ग हसायचा, मीही हसायचे. पण रात्री पाय शेकताना डोळ्यांत पाणी यायचं. पास झाले नाही तर काय करायचं? या वयात दुसरी नोकरी नव्हती, गावातलं रान तिघींना पुरणारं नव्हतं, आणि मुलगी म्हणत होती की तिला डॉक्टर व्हायचंय.

सगळ्यात भीती आठशे मीटरची. मैदानाला दोन फेऱ्या. इतर खेळांत कमी-जास्त झालं तर चालायचं, पण पळण्यात ठरलेल्या वेळेच्या आत यावंच लागायचं, नाहीतर सगळं प्रात्यक्षिक नापास. दिवाळीपर्यंत मी दुसऱ्या फेरीत चालत असे. संक्रांतीपर्यंत धावत, पण फार उशिरा. होळीच्या सुमाराला एक दिवस मैदानावरच्या सरांनी घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "बाई, आलात की हो आत." लासुर्ण्याच्या मुलीने मला उचलून गोल फिरवलं. मी खोलीवर जाऊन आत्तींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मोरयाची किरपा. आता त्येचं देनं दिऊन टाकू."

आत्ती हे वर्षभर म्हणत होत्या आणि मी वर्षभर टाळत होते. आधी दिवाळी होऊ द्या, मग सत्र संपू द्या, मग परीक्षा होऊ द्या. एकदा मी स्पष्टच म्हणाले, "आत्ती, परीक्षा झाली की लगेच जाऊ. आता पाय सांभाळायचं दिस हायत."

"चालल्यानं कुनाचं पाय जात न्हाईत," त्या म्हणाल्या. आणि त्यांच्या दृष्टीने ते खरंच होतं.

मग मुलीला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, अन्न बघितलं की उलटी. डॉक्टर म्हणाले घाबरू नका, विश्रांती आणि पथ्य. मी दवाखान्यात आणि मैदानात अशी धावत होते. आत्ती तिच्या उशाशी बसून राहायच्या. मुलगी उठून भात खाऊ लागली त्या दिवशी त्यांनी मला चुलीजवळ बसवलं.

"ही सूचना हुती. आता टाळलं तर म्होरं काय हुईल सांगता येत न्हाय. येत्या संकष्टीला जायाचं."

परीक्षा त्या संकष्टीनंतर आठवडाभरातच होती. मी सांगून बघितलं. बसने जाऊ आणि देवळाभोवती अनवाणी प्रदक्षिणा घालू, म्हणाले. अर्धी वाट चालू, अर्धी नंतर, म्हणाले. आत्तींनी ऐकून घेतलं.

"तू येऊ नगंस. मी जाते. पर बोलले हुते ते तुझ्या पायाचं."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते. ज्या बाईने माझं लेकरू पाठीला बांधून मला बी.ए. केलं, जिने गाव सोडून एका खोलीत वर्षभर माझे डबे भरले, तिला मी देवाच्या बाबतीत खोटं पाडायचं होतं. आणि खरं सांगायचं तर, मुलीचे पिवळे डोळे आठवले की मलाही ती सूचनाच वाटायची. मी शरीरशास्त्राच्या पेपरची तयारी करत होते, तरीही वाटायची. मी हो म्हणाले.

आम्ही पहाटे निघायचं ठरवलं होतं. पण नवसाची वाट दिवा लावून, सूर्याला नमस्कार करूनच धरायची, असं आत्तींचं म्हणणं. मुलीला घरमालकिणीकडे सोपवून निघेपर्यंत ऊन पायरीवर आलं होतं. उपास दोघींचाही, तो चंद्र उगवल्यावर सुटायचा. पिशवीत पाण्याची बाटली, हळदकुंकू, नारळ आणि दूर्वा. माझे बूट मी खोलीतच ठेवले.

सुरुवातीला पाटाच्या कडेची सावली होती, ओली माती होती. मला वाटलं, जमेल. मग ऊस संपला. पुढे माळ, काढलेल्या ज्वारीची धसकटं, बाभळी, आणि डांबरी रस्ता. चैत्रातलं ऊन. रस्त्याच्या कडेला खडी आणि काटे, मधे डांबर. आत्ती कडेच्या धुळीतून चालत होत्या, जणू अंगणातून चालाव्यात तशा. मी त्यांच्या मागे कडेने चालायला गेले की काटा मोडायचा, रस्त्यावर आले की तळपाय भाजायचे. वीस वर्षं चपला घालून माझे पाय शिट्टी घेऊन उभं राहण्यापुरते उरले होते.

"धुळीत पाय टाक, धुळीत," आत्ती मागे न बघता म्हणायच्या. "दगडाव नगं."

वाटेत एक एस.टी. आमच्या शेजारी हळू झाली. कंडक्टरने दारातून डोकं बाहेर काढलं.

"आजी, बसा की. मोरगावलाच चाललोया."

"नवसाचं हाय बाबा. चालतच जायाचं."

"मग माझं बी येक सांगा की मोरयाला. बदली करा म्हनावं, बायको भांडतीया."

"तुझं तू चालत यिऊन सांग," आत्ती म्हणाल्या. बसमधली माणसं हसली. बस पुढे गेली तेव्हा तिच्या मागच्या काचेकडे मी किती आशेने बघत होते ते मलाच ठाऊक.

दुपारी एका बाभळीच्या विरळ सावलीत बसलो तेव्हा पहिल्यांदा तळवे वर करून बघितले. टाचेला आणि चवड्याला पाणी धरलं होतं. आत्तींनी बघितलं, स्वतःच्या पदराने पुसलं, आणि म्हणाल्या, "थोडं हाय आता." त्यांचे तळवे मी तेव्हा नीट पाहिले. कातड्याच्या जोड्यासारखे जाड, भेगाळलेले, राखाडी. त्या पायांना डांबर कळतच नव्हतं. माझ्या पायांना काय होतंय ते त्यांना समजायला काही मार्गच नव्हता. त्याच आठवड्यात मी उष्माघात या विषयावर पानभर टिपण पाठ केलं होतं. उपाशीपोटी, भर उन्हात श्रम टाळावेत, असं त्यात होतं. मी उठले आणि चालू लागले.

देवळाच्या पायऱ्या मी कठडा धरून चढले. गाभाऱ्यासमोर आत्तींनी माझं डोकं धरून खाली वाकवलं. "आनली बघ," त्या देवाला म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर वर्षभराचं ओझं उतरल्यासारखं दिसत होतं. मी डोळे मिटले. पास कर, एवढंच म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

परतताना बसने आलो. चंद्र उगवल्यावर उपास सोडला तेव्हा माझ्या एका टाचेचं कातडं पिशवीच्या कागदासारखं सुटं झालेलं होतं.

पुढचे दिवस मी गादीवर पाय वर करून लेखीचा अभ्यास केला. हळद, मलम, सुती कापडाच्या पट्ट्या. टाच भरली नाही. लासुर्ण्याची मुलगी बघायला आली आणि दारातच थबकली.

"मावशी, हे काय करून घेतलंस तू? आणि आत्ताच?"

आत्ती चुलीशी होत्या. मी म्हणाले, "गरम पाणी सांडलं."

प्रात्यक्षिकाला परीक्षक पुण्याहून आले होते. लेझीम झाली, पाठ झाला, गोळा झाला. पाठाला त्यांनी मान डोलावली. माझा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जात होता. मग आठशे मीटर. मी त्यांना विनंती केली, मला शेवटच्या तुकडीत घ्या. त्यांनी घेतलं.

"पायाला काय झालंय बाई?"

"भाजलंय सर."

"मग नका पळू."

"नाही पळाले तर?"

"गैरहजर. म्हणजे नापास."

"मग पळते."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि शिट्टी तोंडात धरली. पट्ट्यांवर दोन मोजे, त्यावर बूट. पहिली फेरी मी दात खाऊन काढली. वेळेत होते, आमच्या सरांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. दुसऱ्या फेरीच्या वळणावर टाचेखाली काहीतरी ओलं सरकलं आणि मग प्रत्येक पावलाला डोळ्यांपुढे पांढरं यायला लागलं. मी थांबले नाही. पण जे करत होते त्याला पळणं म्हणता येणार नव्हतं. बाकीच्या सगळ्या पोहोचल्या, वाकून श्वास घेऊ लागल्या, पाणी प्यायल्या, आणि मी अजून पलीकडच्या कडेला होते. लासुर्ण्याची मुलगी आतल्या बाजूने माझ्याबरोबर पळत ओरडत होती, "मावशी, हात हलव, हात." परीक्षकांनी घड्याळ केव्हाच बंद केलं होतं. मी चुन्याची रेघ ओलांडली तेव्हा ते म्हणाले, "बसा बाई आता. बसा."

निकाल मे अखेरीस लागला. लेखीत चांगले गुण. प्रात्यक्षिक नापास. ऑक्टोबरला पुन्हा बसता येईल.

आत्तींना सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांना खरंच कळेना.

"नवस तर फेडला. मग?"

मी गुणपत्रिकेची घडी करून ती पिशवीत ठेवली.

त्या म्हणाल्या, "तुझ्या मनात किंतू हुता. वाटंनं सारखी गाडीकडं बघत हुतीस. देवाला कळतं."

वर्षभर जे गिळलं होतं ते सगळं त्या क्षणी वर आलं. "आत्ती, माझे पाय सोलले म्हणून मी नापास झाले. तुमच्या देवापायी. तुमच्या बोलण्यापायी. मी वेळेत येत होते."

"माझं बी पाय तितकंच चाललं," आत्ती म्हणाल्या. "मला काय झालं?"

मुलगी कोपऱ्यात पुस्तक धरून बसली होती, पान उलटत नव्हती. आत्तींनी निवडलेले तांदूळ पातेल्यात ओतले, उरलेले सुपात तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्या निरवांगीला निघून गेल्या. "रान बघाया पायजे," एवढंच म्हणाल्या.

मी मुख्याध्यापकांना भेटायला गेले. ऑक्टोबरपर्यंत थांबता येईल का, विचारलं. ते बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिले. "बाई, मला वरून विचारतायत. मी जाहिरात दिली आहे." त्यांनी चहा मागवला. मी तो पूर्ण प्यायले, कारण त्यांनी मागवला होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात लासुर्ण्याची मुलगी खोलीवर आली. उंबऱ्यावरच बसली, आत येईना.

"मावशी, तुझ्या शाळेची जाहिरात बघितली मी."

"हं."

"घरचे म्हणतायत अर्ज कर. मी म्हटलं, मावशीला विचारल्याशिवाय न्हाय करणार. तू न्हाय म्हण, मी न्हाय करत. दुसरीकडं बघीन."

मी तिच्याकडे बघितलं. तिने नाही केला तर दुसऱ्या कुणीतरी केलाच असता. निदान या पोरीला मुली कशा सांभाळायच्या ते ठाऊक होतं. हे सगळं मी मनात बोलले आणि तरीही तोंडातून शब्द निघायला फार वेळ लागला.

"कर," मी म्हणाले.

तिची निवड झाली. खेळाच्या साहित्याचं कपाट वर्षभर बंदच होतं आणि किल्ली माझ्याकडेच होती, ती द्यायला मला शाळेत जावं लागलं. लेझीम, डंबेल्स, रिंग, दोन फुटबॉल, त्यातला एक बसलेला, सगळं तिला दाखवलं. कुठली लेझीम तुटलेली, कुठल्या मुलीला धाप लागते, कुणाला घरून परवानगी नसल्याने तासाला बसवून ठेवावं लागतं, तेही सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत होती. शेवटी तिने वाकून माझ्या पायांना हात लावला आणि मी पाय मागे घेतले. टाच अजून दुखत होती.

बारामतीची खोली सोडली आणि मुलीला घेऊन मी निरवांगीला आले. आत्तींनी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. चुलीशी दोघी, रानात दोघी, पण मधे एक भिंत. असे दिवस जायला लागले. मी ऑक्टोबरच्या परीक्षेचं शुल्क भरून आले होते. कशासाठी, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. जागा गेली होती. पण रोज सकाळी जाग यायची ती पळायच्या वेळेलाच, आणि घरात पडून राहिले की जीव घुसमटायचा. एवढं शिकून, एवढं सोसून, एका टाचेपायी सगळं वाया, हा विचार रानात, विहिरीवर, भाकरी करताना माझी पाठ सोडत नव्हता. एकदा विहिरीच्या काठावर मी फार वेळ उभी राहिले. मग मुलीने हाक मारली म्हणून वळले.

पाऊस झाल्यावर जखम भरली आणि मी पळायला सुरुवात केली. नदीकडे जाणारी गाडीवाट सपाट होती. पहाटे डोक्याला पदरासारखी ओढणी गुंडाळून मी निघायचे. गावात ती गोष्ट लपणारी नव्हती. एक दिवस मारुतीच्या पारावरून आवाज आला.

"काय मास्तरीणबाई, कुनाच्या मागं लागलाय?"

बोलणारे तात्या आमच्या भावकीतलेच. दोघं-तिघं हसले. मी खाली बघून पुढे निघाले. मागून, डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन आत्ती येत होत्या हे मला माहीत नव्हतं.

"तात्या," आत्ती म्हणाल्या, "तुमच्या मागं न्हाय ना लागली? मग उगी बसा की. तिचं काम हाय ते."

"वयनी, आवं ह्या वयात पळून करायचं काय?"

"तुमी बसून काय केलं त्ये सांगा आधी."

पारावर पुन्हा हसू फुटलं, पण या वेळी तात्यांवर. मी थांबले नाही, वळूनही बघितलं नाही. त्या दिवशी नदीपर्यंत गेले आणि परत आले.

त्यानंतर त्या सकाळी माझ्या आधी उठू लागल्या. चहा ठेवायच्या. एकदा मी निघताना म्हणाल्या, "फुडल्या वळनाला काच फुटल्याली हाय. मी येचली, पर बघून जा."

ऑक्टोबरला परीक्षेला आत्ती बरोबर आल्या. मी नको म्हटलं तरी आल्या. बारामतीच्या मैदानावर नापासांची तुकडी लहान होती. आम्ही चौघं. मी सोडून सगळे तरुण. शिट्टी वाजली. मी पहिल्या फेरीत मागे राहिले, दुसऱ्या फेरीत एकाला गाठलं, आणि रेघ ओलांडली. परीक्षक दुसरे होते. त्यांनी घड्याळ बघून कागदावर खूण केली आणि म्हणाले, "ठीक आहे. पुढचा." एवढंच.

मी रेघेशेजारी चुन्यातच बसले. आनंद होईल असं वाटलं होतं. छाती धडधडत होती, पाय शाबूत होते, अजून एक फेरी मारता आली असती. आणि कुणालाच माझी ती फेरी नको होती.

आत्ती जवळ आल्या. "झालं?"

"झालं. पास."

"मग आता शाळंत घेत्याल?"

"न्हाई आत्ती. ती जागा भरली."

"मग दुसरीकडं?"

"बघायचं. अर्ज करत ऱ्हायचं. वय बघत्याल आनि न्हाई म्हनत्याल."

आत्ती माझ्या शेजारी खाली बसल्या. त्यांच्या लुगड्याला चुना लागला.

"मग पळलीस कशाला?"

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी उत्तर शोधलं. मुलीचं नाव घ्यावंसं वाटलं, जिद्द वगैरे म्हणावंसं वाटलं, पण आत्तींसमोर तसलं काही बोलता येईना.

"ठाऊक न्हाई," मी म्हणाले.

आत्तींनी मान हलवली. त्यांना ते पटलं असावं. मग पिशवीतून भाकरी काढून निम्मी माझ्या हातावर ठेवली.

गावी पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. पुढची दोन वर्षं मी अर्ज करत राहिले. भिगवणपासून अकलूजपर्यंत मुलाखती दिल्या. बहुतेक ठिकाणी समोरचे माझ्या केसांकडे बघून पाणी मागवायचे आणि कळवतो म्हणायचे. शेवटी भिगवणजवळच्या एका नव्या, विनाअनुदानित शाळेने मला घेतलं, मानधनावर, आणि तीही शाळा चालेल की बंद पडेल हे दर जूनला नव्याने कळायचं. पण ते सगळं नंतरचं. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी मी मेल्यासारखी झोपले होते. उठायचं कारण उरलं नव्हतं. आत्तींनी दाराशी उभं राहून हाक मारली.

"पोरी, ऊठ. उजाडाया लागलंय."

"आज काय हाय आत्ती? परीक्षा झाली की."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या, आणि बूट दाराशी आणून ठेवले.

मी उठले, नाड्या बांधल्या आणि नदीकडे निघाले.